दोन की बत्तीस

कंस तुम्ही खाल्लात.

एक उघडणारा आणि एक मिटणारा, एवढीच शाई लागली असती. तालुक्याला कचेरीत बसून पत्रकं काढता, स्पर्धा भरवता, छातीवर बिल्ले लावून मांडवातल्या खुर्च्यांवर बसता, आणि बायांनी मैदानात कसं उभं राहायचं हे सांगणारी एक ओळ तुम्हाला धड लिहिता येत नाही. मी आठवी शिकलेली बाई आहे. त्यापुढचं जे काही वाचलं ते किराणा बांधून आलेल्या कागदांवर वाचलं. त्यामुळे तुमच्यासारखं सुबक लिहिता येणार नाही. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, आणि शेवटी एक प्रश्न विचारते. तो आधी विचारला होता. तुम्ही माइकवर हात ठेवलात.

तुमचं पत्रक हिवरतळ्यात आलं तेव्हा मी भैरोबाच्या देवळामागे हलगी तापवत होते. चार चिपाडं पेटवायची, हलगीचं चामडं धगीवर धरायचं, बोटानं टिचकी मारून बघायचं. आवाज ओला आला की अजून धरायचं. विजयमाला वहिनी कागद फडकावत आल्या. आमच्या महिला लेझीम पथकाच्या त्या पुढारी. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, दहावी पास आणि बालवाडीच्या बाई.

"मालन, आलं गं पत्रक. अनिवार्य रचनेला धा मार्क हायेत."

कागदावर रचना म्हणून एवढंच होतं:

३२ ÷ ४(१+३)

खाली, 'पथकांनी वरीलप्रमाणे मैदानात रचना करावी'. ना चित्र, ना खुलासा.

या धा मार्कांवर माझं काय अडलं होतं ते आधी सांगते.

हलगी आमच्या आबांची. गाव त्यांना ज्ञानू हलगीवाला म्हणायचं. भैरोबाच्या पालखीपुढे वाजवायचा मान आमच्या वायदंड्यांच्या घराचा. मान हा गावाचा शब्द. आमच्या वाट्याला पायरीखालची जागा यायची. पण आबांनी वाजवायचं टिपरू उचललं की पायरीवरचे लोक आपोआप खाली यायचे, हेही मी डोळ्यांनी बघितलंय. मग एका उन्हाळ्यात आबांची उजवी बाजू गेली. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. मुलगा नाही. मुलगी मी, कडेवर लेक घेऊन सासरहून परत आलेली, आणि हात मात्र थेट आबांचा उचललेला. यात्रा कमिटीनं ठरवलं, यंदा पालखीपुढे शहरातून बँजो आणायचा. ते कळलं त्या दिवशी आबांनी ताट सरकवून दिलं.

मी संपतअण्णांकडे गेले. ते कमिटीचे अध्यक्ष, पारावर बसून तंबाखू मळत होते. भोवती चारपाच माणसं. म्हटलं, अण्णा, हलगी मी वाजवते.

"बाईनं पालखीम्होरं हलगी वाजवल्याली मी तरी बघितली न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग औंदा बघा की."

माणसं हसली. अण्णाही हसले, पण त्यांनी तंबाखू तोंडात टाकायचं थांबवलं, आणि सगळ्यांदेखत बोलून बसले. तालुक्याच्या स्पर्धेची ढाल आणा. ढाल आली तर बायांचं पथक पालखीपुढे आणि हलगीवर मालन. नाही आली तर बँजो. मी तिथंच पाराला हात लावून कबूल केलं. घरी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं भिंतीवरची हलगी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

तेव्हा ढाल म्हणजे हलगी, असं ते साधं होतं. ते तुम्ही अवघड केलंत.

त्या संध्याकाळी शाळेमागच्या पटांगणात वहिनी धरून आणि मी सोडून बत्तीस बाया जमल्या. बत्तिसावी हौसाआक्का. एक बाई कमी पडत होती म्हणून तिला घेतली होती. वय कुणाला ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. वहिनींनी खडूनं शाळेच्या भिंतीवर तुमची ओळ लिहिली आणि बालवाडीतल्या पोरांना शिकवावं तसं शिकवायला लागल्या. कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, ह्याच क्रमानं जायचं.

"म्हंजे आदी कंस सोडवायचा."

हौसाआक्का खालून म्हणाली, "त्येला कशाला सोडवताय? किस्नानं मारलाय न्हवं एकदा?"

हसून हसून लेझमी वाजल्या. वहिनी हसल्या नाहीत. कंसात एक अधिक तीन, चार. आता कंसाला चिकटून चार आहे, म्हणजे ते 'चे'. चार 'चे' चार, सोळा. 'चे' भागाकाराच्या आधी. बत्तीसला सोळानं भागलं, दोन. उत्तर दोन. म्हणून सोळा-सोळा बायांची दोन रिंगणं.

मला ते पटलं नाही. मी कागद वाचते तसा तो वाचला, डावीकडून उजवीकडे, जसा येईल तसा. बत्तीस बाया. चारनं भागल्या, आठ. आणि आठातल्या प्रत्येकाला कंसातलं एक अधिक तीन. म्हणजे एक बाई मध्ये, तीन तिच्याभोवती, अशी आठ फुलं. गुणून बघा, बत्तीसच्या बत्तीस बाया बसतात, एकही बाहेर राहत नाही.

"'चे' कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

"कंसाला आकडा चिकटला की ते 'चे'च."

"चिकटला म्हणून? उद्या मी तुम्हाला चिकटून उभी राहिले तर मी तुमच्या मोऱ्यांची सून व्हईन काय?"

आता वहिनीही हसल्या, पण शिट्टी फुंकून. त्यांनी आपल्या बाजूच्या, स्वतःसकट, सोळा जणी घेतल्या आणि रिंगण धरलं. उरलेल्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी हलगीवर बोल धरला आणि त्यांनी चार फुलं केली. असा तालमीचा पहिला दिवस गेला, अर्धं पटांगण दोन आणि अर्धं पटांगण बत्तीस.

गावाला विषय लागतोच. दूध डेअरीच्या रांगेत दोनवाले पुढे आणि बत्तीसवाले मागे उभे राहायला लागले. न्हाव्याच्या दुकानात कोळशानं गणित लिहिलं गेलं आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी वाद मिटेपर्यंत तशीच राहिली. नवराबायको एका ताटात जेवणारे वेगळे बसले. वहिनींची थोरली अश्विनी पॉलिटेक्निकला होती. तिनं आपला कॅल्क्युलेटर काढून पारावर सगळ्यांसमोर बटणं दाबली. दोन. वहिनींच्या बाजूनं टाळ्या. तिच्याबरोबर शिकणारी मैत्रीण सुट्टीला आलेली, तिनं आपला काढला. बत्तीस. आमच्या बाजूनं टाळ्या. दोन्ही पोरी एकमेकींच्या यंत्राकडे अशा बघायला लागल्या, जणू कुणीतरी खोटी नोट दिलीय.

शाळेच्या कांबळे गुरुजींना विचारलं. चांगला माणूस. भिंतीसमोर हात मागे बांधून त्यांनी ओळ दोनदा वाचली. म्हणाले, पुस्तकात असं गणित देत नाहीत. मध्ये गुणिले तरी घालतात, नाहीतर बाहेरून दुसरा कंस. हे असं मोकळं सोडत नाहीत.

"पण उत्तर काय, गुरुजी?"

"ह्याचं उत्तर लिहिणाऱ्याला विचारा. हे गणित न्हाई, हे भांडण आहे."

म्हणून तुम्हाला विचारलं. बाजारपेठेच्या बूथवरून फोन मी केला, शेजारी वहिनी कान लावून. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एका बाजूला होतो. तुमच्याकडचा माणूस म्हणाला, सगळं स्पष्ट लिहिलंय. मी म्हटलं, स्पष्ट आहे तर सांगा, रिंगणं दोन की फुलं आठ? तो म्हणाला, "वाचता येत नाही तर भाग कशाला घेता?" आणि फोन ठेवला. वहिनी लालबुंद झाल्या. दहावी पास बाईला असं कुणी बोललं नव्हतं. मला बोललेलं बरंच होतं, म्हणून माझा राग थंड असतो आणि टिकतो. अजून टिकलाय.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, वहिनी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. उंबऱ्यावर थांबल्या नाहीत, आत येऊन घोंगड्यावर बसल्या. आईनं चहा ठेवला आणि कप दोनदा धुतला. आबा भिंतीला टेकून होते. वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं, दोन कसे, बत्तीस कसे. आबांनी ऐकून घेतलं आणि वाकड्या तोंडातून, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "दोनी बी बसवा. तितं बगून ठरवा."

त्याप्रमाणे केलं. एक दिवस रिंगण, एक दिवस फूल. रिंगणाचा बोल वेगळा बांधला, फुलाचा वेगळा. दोन्हींची सुरुवात मात्र सारखी राहिली, कारण ती आबांची होती आणि ती बदलायला माझा हात होईना. बायांनाही सवय झाली, सुरुवात ऐकली की पाय उचलायचा, आणि पुढचे ठोके आले की रिंगणाकडे जायचं की फुलाकडे ते ठरवायचं.

वाजवताना चुकलं तर काय करायचं, हे आबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. चुकलेला ठोका परत घ्यायचा नाही. थांबायचं नाही, ओशाळायचं नाही. तोच ठोका पुन्हा मुद्दाम वाजवायचा. दुसऱ्यांदा लोक कान टवकारतात, तिसऱ्यांदा त्याला चाल म्हणतात. तालमीत एखादीचा हात चुकला की मीही हेच ओरडायचे, तेच कर, परत कर. वहिनींना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या मते चूक ही चूक.

स्पर्धेला आम्ही टेंपोतून गेलो. हौद्यात बत्तीस बाया, लेझमी, हलगीच्या साथीचा ढोल म्हणजे घुमकं, ते वाजवणारा आणि कोपऱ्यात पोत्यावर आबा. त्यांना नेऊ नका म्हणून आई बडबडत होती, पण ते सकाळीच धोतर नेसून बसले होते. संपतअण्णा मोटारसायकलवर मागून. ढाल येते की नाही ते स्वतः बघायला आले होते, आणि बँजोवाल्याला इसार द्यायचा तर तो शहरात तिथून जवळ राहायचा, हेही त्यांनी लपवलं नाही.

मैदान भरलं होतं. मांडवात तुम्ही तिघं परीक्षक, टोपीवाले प्रमुख मध्ये, दोन्ही अंगांना एकेक. प्रत्येक पथक झालं की लगेच माइकवर मार्क सांगत होते.

पहिल्या पथकानं दोन रिंगणं केली, सुबक, एक पाय इकडेतिकडे नाही. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. माइक म्हणाला, अनिवार्य रचना, दहापैकी तीन.

दुसऱ्या पथकानं आठ फुलं केली. मी वहिनींकडे बघितलं. अनिवार्य रचना, दहापैकी तीन.

तिसऱ्या पथकाला बहुधा काहीच कळलं नव्हतं. त्यांनी बत्तीस बायांची एक सरळ रांग केली, मैदानाला एक फेरी मारली आणि नमस्कार करून निघून गेल्या. दहापैकी चार.

"मग आपुन बी फिरून येऊ," हौसाआक्का म्हणाली. "पाय मोकळं व्हत्याल."

कुणी हसलं नाही. मांडवाच्या कडेला संपतअण्णा घड्याळ बघत होते. वहिनी म्हणाल्या, शिट्टी माझी, पुढारी मी, दोन रिंगणं करू. निदान पावलं तरी नीट दिसतील. मी मान डोलावली. भांडायचं बळ नव्हतं. हलगी तापवायला वाळकं काही मिळेना. मैदानात चिपाडं कुठली? मी कमरेचं तुमचं पत्रक काढलं, चुरगाळलं आणि पेटवलं. कागद चांगला होता. धग छान लागली.

आम्ही उतरलो. वहिनींची शिट्टी झाली आणि बायांनी दोन रिंगणं धरली, सोळा आणि सोळा. हौसाआक्का डाव्या रिंगणात. मी दोन्ही रिंगणांच्या मधल्या जागेत, घुमकंवाला माझ्या मागे. दोन हात लेझीम झालं. आता मला रिंगण फिरवायचा बोल वाजवायचा होता. आबांची सुरुवात वाजवली, सगळ्यांचे पाय उचलले, आणि माझ्या डाव्या हातातली, वाजवायची बारीक काडी फुलाच्या ठोक्यावर गेली.

गेली ती गेली.

रिंगणं मोडली नाहीत. तेच मला अजून नवल वाटतं. बाया रिंगणातच होत्या, जागेवर. पण फुलाचा ठोका ऐकला तशा माझ्या बाजूच्या सोळा जणींनी जिथं होत्या तिथंच फूल केलं, एक आत, तीन भोवती. उजव्या रिंगणात दोन फुलं, डाव्या रिंगणात दोन. बाकीच्या आपल्या रिंगणाच्या रेषेवर खिळून उभ्या, तोंड उघडं. वहिनींनी शिट्टी ओठाला लावली. ती वाजली असती तर सगळं संपलं असतं.

तेवढ्यात टेंपोकडून आवाज आला. पत्र्यावर हात आपटल्याचा. आबा हौद्यात उभे होते, कुणाच्या तरी खांद्याला धरून, आणि डाव्या हातानं टेंपोच्या मागच्या फाळक्यावर वाजवत होते. सुरुवात, आणि फुलाचा ठोका. माझाच चुकलेला.

मी तोच बोल पुन्हा वाजवला. मुद्दाम, मोठ्यानं. वहिनींच्या बाजूच्या बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि रिंगणाच्या रेषेवरच दोन-दोन फुलं केली. आता प्रत्येक रिंगणात चार फुलं. मी तिसऱ्यांदा वाजवला आणि वहिनींनी शिट्टी तोंडातून सोडून दिली. ती गळ्यात लोंबायला लागली आणि त्या स्वतः एका फुलातली रिकामी मधली जागा घेऊन गिरकी मारायला लागल्या. आठ फुलं आपापल्या जागी फिरतात, आणि फुलांची दोन रिंगणं माझ्याभोवती फिरतात. लेझमींचा एकच आवाज येत होता, छन् आणि छन्. मला घाम दिसत होता, कुंकू ओघळलेली कपाळं दिसत होती. हौसाआक्का फुलाच्या मध्ये होती आणि तिला आता कुणी थांबवू शकत नव्हतं. बाकीच्या तिघी थांबल्या तरी ती फिरत राहिली असती. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. आधीच्या तिन्ही पथकांच्या बाया कडेला येऊन आमच्या ठोक्यावर टाळ्या धरायला लागल्या.

थांबलो तेव्हा मैदानावर धूळ होती आणि त्या धुळीत आम्ही उभ्या होतो, कागदावरच्या ओळीसारख्या. बत्तीस बाया, चार फुलं एका रिंगणात, एक अधिक तीन एका फुलात. रिंगणं दोन. बाया बत्तीस.

तुमचे टोपीवाले प्रमुख माइक घेऊन उभे राहिले.

"हे तुम्ही दोन केलंय की बत्तीस?"

वहिनींनी मला पुढे ढकललं. माझ्या हातात अजून टिपरू होतं. मी माइकपाशी गेले.

"तुम्ही लिहिलंय. तुम्ही सांगा."

"बाई, गणिताला एकच उत्तर असतं."

"मग सांगा की."

तेव्हा तुम्ही माइकवर हात ठेवलात. पण हात नीट बसला नाही. सगळ्या मैदानानं ऐकलं, डावीकडचे म्हणत होते, दोन, उघड दोन. उजवीकडचे म्हणत होते, अहो बत्तीस, डावीकडून घ्या ना. आणि मधले म्हणत होते, हे पत्रक काढलं कुणी? लोक हसायला लागले. शेंगदाणेवाला हसला, पोलीस हसला. मीही हसले, कारण पहिल्या पथकाचे तीन कोणत्या परीक्षकानं दिले आणि दुसऱ्याचे कुणी, हे मला तेव्हा लख्ख समजलं. दोनवाल्यानं बत्तीस कापले होते, बत्तीसवाल्यानं दोन कापले होते, आणि कुणीही कुणाला विचारलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं प्रमुखांनी हात काढला आणि जाहीर केलं, हिवरतळे पथकाच्या अनिवार्य रचनेचा निकाल राखून ठेवण्यात येत आहे. ढालीचा निर्णय त्यानंतर.

टेंपोत चढून बायांनी लेझमी हौद्यात टाकल्या. जिंकलो नव्हतो. आबांच्या पायाशी हलगी ठेवून मी खाली मान घालून बसले. बँजोवाल्याचं घर तिथून जवळ होतं, आणि संपतअण्णा मोटारसायकल चालू करत होते. कमिटीचे आणखी एक जण त्यांच्या मागे बसले होते. ते म्हणाले, चला अण्णा, ढाल काय आली न्हाई, इसार देऊन टाकू.

अण्णांनी गाडी चालू केली. मग बंद केली.

"हरल्याचं कुणी सांगितलं?"

"पर जिंकल्या बी न्हाईत."

"निकाल राखून ठिवलाय. कानांनी ऐकलाय न्हवं? निकाल लागंपतूर निर्णय कसा घेयाचा? निकाल यील तवा बगू. तवर पालखीम्होरं ह्याच." त्यांनी टेंपोकडे बघून आवाज चढवला. "काय गं मालन, चालंल?"

उत्तर आबांनी दिलं, फाळक्यावर, डाव्या हातानं, फुलाच्या बोलात. आणि बत्तीस बायांनी टेंपोत बसल्या बसल्या लेझमी उचलल्या. गाव येईपर्यंत त्या खाली ठेवल्या नाहीत. ड्रायव्हर म्हणत होता, हळू, पत्रा निसटंल.

यात्रेला पालखी उठली तेव्हा दोन रिंगणं आणि आठ फुलं तिच्यापुढे होती आणि हलगी माझ्या गळ्यात. आबांना देवळाच्या वरच्या पायरीवर बसवलं, विजयमाला वहिनींनी हाताला धरून. अडवायला पायरीवर कुणी उरलंच नव्हतं, सगळे खाली उतरले होते.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. तुमचा निकाल आला नाही. दर यात्रेच्या आधी कमिटीत कुणीतरी नवा माणूस विचारतो, ही बाई पालखीपुढे कशी? आणि संपतअण्णा होते तोवर ते, आता त्यांचा नातू, तोंडातली सुपारी न काढता सांगतो, निकाल यायचाय. आबा वारले. हौसाआक्का वारली, पण आधी तिनं सुनेला फुलाच्या मधली जागा शिकवली. वहिनींचे गुडघे गेले तरी शिट्टी त्यांच्याच गळ्यात. त्या अजून म्हणतात, उत्तर दोन. मी अजून म्हणते, बत्तीस. आमच्या दोघींच्या नाती एकाच फुलात नाचतात.

आता यंदाचं तुमचं पत्रक आलंय. तीच ओळ. ३२ ÷ ४(१+३). या खेपेस शेजारी चित्र छापलंय, दोन रिंगणं, प्रत्येकात चार फुलं. चित्राखाली लिहिलंय, 'पारंपरिक रचना'.

कुणाच्या परंपरेची? ती भर दुपारी तुमच्याच मैदानावर, तुमच्यादेखत, माझी काडी घसरून झाली. तिचा निकाल तुम्ही राखून ठेवलाय आणि तिचं चित्र मात्र छापताय. बरं, चित्र काढायला सुचलं, कंस घालायला अजून सुचत नाही.

पालखी जवळ आलीय. हलगी तापवायला कागद लागतो, आणि तुमचा कागद चांगला जळतो हे मला माहीत आहे. यंदाचं पत्रक मी हलगीच्या पोटात घडी करून ठेवलंय. अजून काडी लावलेली नाही. एक बाजू कोरी आहे, उत्तर तिथं मावेल. मार्क नकोत, ढाल नको, बक्षीस नको. आणि उत्तर आल्यावर मी वाजवायची थांबेन असंही समजू नका. फक्त या वेळी माइकवर हात न ठेवता सांगा.

दोन की बत्तीस?